तीन पिंपं, एक आंबट एल : प्रकल्प नोंदी

८ नोव्हेंबर २०२२ : पिंपांची तयारी

आंबट एल, म्हणजे एक प्रकारची बिअर, मुरवायला ओकची तीन पिंपं, प्रत्येकी २२५ लिटर. तिन्हींत आधी रेड वाइन मुरलेली. नोंदीत त्यांना क, ख, ग म्हटलं आहे. कोरं पिंप मुद्दाम घेतलं नाही. कोऱ्या ओकचा व्हॅनिला आणि तुरटपणा वर्षभरात बिअरच्या डोक्यावर बसतो, आणि आंबट नि तुरट एकत्र आले की दोन्ही जास्त बोचतात. इथे लाकडाकडून चव नको. हवेचा अगदी बारीक शिरकाव आणि जंतूंना मुक्कामाला जागा, एवढंच हवं.

पिंप आलं की पहिलं काम नाकाचं. बूच उपटून लगेच हुंगायचं. वाइन, ओलं लाकूड, गंधकाची हलकी झुळूक आली तर चालेल. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरचा भपकारा आला तर ते पिंप घेऊ नये, कारण ॲसिटिक जंतू लाकडात काही मिलिमीटर आत जाऊन बसलेले असतात आणि तिथवर ना गरम पाणी नीट पोचत ना गंधकाचा धूर. क आणि ग स्वच्छ. ख लाही वास नाही, पण मधल्या दोन फळ्यांच्या सांध्यावर वाळलेल्या वाइनची जांभळी रेघ आहे. तिथून कधीतरी पाझरलं असणार.

प्रत्येकात ८० अंशांचं २० लिटर पाणी ओतलं, बूच लावलं, पिंप लोळवलं, मग दोन्ही तोंडांवर अर्धा अर्धा तास उभं ठेवलं. गरम पाण्याने आतल्या हवेचा दाब वाढतो, त्यामुळे सांधा सैल असेल तिथे बाहेर बुडबुडे दिसतात. त्यानंतर थंड पाण्याने काठोकाठ भरलं. क आणि ग पंधरा मिनिटांत कोरडे ठाक. ख रात्रभर झिरपत राहिलं आणि लाकूड फुगल्यावर चौदाव्या तासाला थांबलं. सांध्यावर पिंपाचं मेण घासून बसवलं.

भरायला दोन आठवडे आहेत. साधं पाणी तेवढ्यात कुबट होतं, म्हणून प्रति लिटर १ ग्रॅम सायट्रिक आम्ल आणि २ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घातलेलं पाणी भरून ठेवलं. बिअर भरण्याआधी हे तीन पाण्यांनी धुऊन काढायचं.

नमुन्यासाठी पुढच्या तोंडाच्या मध्याच्या जरा खाली २.८ मिमीचं भोक पाडून त्यात स्टेनलेस स्टीलचा खिळा ठोकला. ही युक्ती रशियन रिव्हर ब्रूइंगच्या विनी सिलुर्झो यांच्या नावाने ओळखली जाते. खिळा उपसला की बारीक धार लागते, पेला भरला की खिळा परत. वरचं बूच उघडावं लागत नाही, हीच त्यातली कमाई. साधा लोखंडी खिळा वापरू नये. आम्लात तो गंजतो आणि बिअरला रक्तासारखी धातूची चव येते.

१२ नोव्हेंबर : वर्ट

वर्ट म्हणजे आंबवण्याआधीचं धान्याचं गोड पाणी. एका पिंपामागे २४५ लिटर धरले. २२५ भरायला, उरलेले गाळात आणि नळ्यांत जातात. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर उतरते तशी ही उतरते) १.०५४ हवी, कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर ५९ किलो धान्य लागतं:

पिल्स्नर माल्ट २७ किलो, व्हिएन्ना १५, म्युनिक ६, गडद कॅरॅमल माल्ट २, मक्याचे पोहे ९.

मॅश, म्हणजे दळलेलं धान्य गरम पाण्यात भिजवणं, ६९ अंशांवर, एक तास. नेहमीच्या एलपेक्षा हे तापमान वरचं आहे. इतक्या उष्णतेत लांब साखळीच्या शर्करा जास्त उरतात. साध्या यीस्टला त्या पचत नाहीत, ब्रेटॅनोमायसीसला (एक रानटी यीस्ट) आणि पेडिओकोकसच्या (आम्ल बनवणारा जंतू) काही जातींना पचतात. पुढचे पंधरा महिने त्यांना खायला हेच. ६४-६५ अंशांवर मॅश केला तर यीस्ट पहिल्याच आठवड्यात ताट चाटून पुसून ठेवतं आणि पिंपातल्या मंडळींना उपाशी बसावं लागतं.

हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) ४ टक्के अल्फा आम्लाचे, २४५ ग्रॅम, ६० मिनिटं उकळून. उतारा २५ टक्के धरला तर १० आयबीयू (कडवटपणाचं माप) होतात. याहून वर जायचं नाही. आम्ल बनवणारे दुसरे जंतू, लॅक्टोबॅसिलस, बहुतेक हॉप्सपुढे लवकर नमतात. पेडिओकोकस जरा निबर असतो.

साध्या एल यीस्टवर २० अंशांना आंबवायला सोडलं. वर्टचा पीएच ५.२. तिन्ही पिंपांसाठी एकच वर्ट. पुढे जो फरक दिसेल तो पिंपाचा. पिंपांच्या हिशेबाबाहेर ४० लिटर जास्तीचे काढले, ते नंतर भर घालायला.

२२ नोव्हेंबर : पिंपात

ग्रॅव्हिटी १.०१५, पीएच ४.३, चव माल्टची, निरुपद्रवी. गाळ मागे ठेवून कार्बन डायऑक्साइडच्या दाबाखाली पिंपांत उतरवली. प्रत्येकात दोन लिटर मिश्र विरजण: ब्रेटॅनोमायसीस ब्रुक्सेलेन्सिस, लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकोकस. जास्तीचे ४० लिटर केगमध्ये (स्टीलचं बंद पिंप), थंड आणि दाबाखाली.

ब्रेटॅनोमायसीस हे नाव कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये दिलं. अर्थ ‘ब्रिटिश बुरशी’, कारण मुरवलेल्या इंग्रजी बिअरचा खास वास त्यातून येतो असं त्यांनी दाखवलं. त्या काळी तो वास गुण मानला जाई. पुढे वाइनवाल्यांनी त्याला दोष ठरवलं. दोघांचंही बरोबर आहे, फरक मात्रेचा.

खोली १६ ते १८ अंश. पहिले चार आठवडे फेस वर येतो म्हणून पाच-सहा लिटर जागा रिकामी ठेवून, बुचातून नळी काढून पाण्यात सोडली आहे.

२० डिसेंबर

फेस शांत. काठोकाठ भर घातली: क ला ६ लिटर, ग ला ६, ख ला ९. ख ला तीन लिटर जास्त लागले ही खूण नोंदवून ठेवली. मेण लावलेला सांधा हाताला कोरडा लागतो.

नळी काढून सिलिकॉनचं बूच आणि एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी पाण्याची झडप). एअरलॉकमधलं पाणी दर पंधरवड्याला बघायचं. पिंपं बिघडण्याची सर्वांत सामान्य आणि सर्वांत फालतू कारणं दोनच: वाळलेला एअरलॉक आणि नीट न बसलेलं बूच.

२६ फेब्रुवारी २०२३ : पहिला नमुना

तीन महिन्यांआधी चाखण्यात अर्थ नाही. आधी ठरवलेलं वेळापत्रक: ३, ६, ९, १२ आणि १५ महिने. प्रत्येक वेळी १०० मिलि, खिळ्यातून. मधेच ‘जरा बघू या’ म्हणून नमुना काढायचा नाही. तेवढी बिअर गेली की तेवढीच हवा आत येते.

चाखण्याची पद्धत पहिल्यापासून एकच ठेवली तरच नोंदी एकमेकींशी ताडता येतात. तोंडाशी निमुळता, ट्यूलिपच्या आकाराचा पेला. नमुना १२ अंशांवर. पेला झाकून दोन मिनिटं ठेवायचा, झाकण काढून पहिला वास लिहायचा, मग फिरवून दुसरा. घोट जिभेवर दहा सेकंद, थुंकायचा, अर्धा मिनिट थांबून मागची चव लिहायची. दोन नमुन्यांत पाच मिनिटांचं अंतर आणि कोमट पाणी. कमी आंबटाकडून जास्त आंबटाकडे जायचं, नाहीतर दुसऱ्या पेल्यालाच दात आंबतात आणि पुढचं सगळं सारखं लागतं.

क: पीएच ३.८, ग्रॅव्हिटी १.०१२. वास ब्रेडच्या कडेचा, थोडं सफरचंद. आंबटपणा दह्यासारखा, जिभेच्या कडांना जाणवतो, घशाला लागत नाही. शेवट लवकर संपतो.

ख: पीएच ३.७, १.०११. क सारखीच, जरा पुढे गेलेली. फिरवल्यावर पेरसारखा फळाचा वास. छान आहे. संशय इतकाच की इथाइल ॲसिटेट (नेलपॉलिश रिमूव्हरचा वास याचाच) थोडं असेल तेव्हा असाच गोड फळासारखा वास देतं.

ग: पीएच ३.९, १.०१३. वास बंद. माल्ट, थोडी धूळ.

पहिल्या नमुन्यावरून निकाल लावायचा नसतो. जंतुसंसर्गाची भलतीच दिशा धरली आहे का, एवढंच बघायचं. तशी नाही.

२८ मे : ग ला तार सुटली

ग चा नमुना पेल्यात ओतताना धार तुटेना. तेलासारखी जाड, फिरवली तर एकसंध गोळा फिरतो. तोंडात बुळबुळीत. वासाला लोणी. नमुना झाकून ६० अंशांवर वीस मिनिटं ठेवला तर लोण्याचा वास दुप्पट झाला, म्हणजे डायॲसिटिल आणि त्याचं पूर्वरूप, दोन्ही भरपूर.

हे बघून पिंप ओतून टाकणारे लोक आहेत. टाकू नये. हा पेडिओकोकसचा उद्योग: वाढताना तो शर्करेच्या लांब तारा विणतो, त्यामुळे बिअर घट्ट होते, आणि सोबत डायॲसिटिल सोडतो. बेल्जियमचे लॅम्बिक या आंबट बिअरचे लोक याला बिअर ‘आजारी’ पडली म्हणतात आणि गप्प बसतात. ब्रेट (ब्रेटॅनोमायसीस) त्या तारा खातो आणि डायॲसिटिलही साफ करतो, फक्त त्याला तीन ते सहा महिने द्यावे लागतात. अट एकच, पिंपात जिवंत ब्रेट हवा. निव्वळ पेडिओकोकस घालून ब्रेट विसरलं तर हा आजार बरा होत नाही.

पीएच ३.५ वर आला आहे, म्हणजे काम चालू आहे. ग ला हात लावायचा नाही. सप्टेंबरचा नमुना ठरल्या दिवशीच.

क: पीएच ३.५, १.००९. चेरीची साल, गवताची गंजी, किंचित चामडं. वर पातळ, सुरकुतलेली पांढरी साय धरली आहे (बुचाच्या भोकातून टॉर्च मारून पाहिलं, बूच दहा सेकंद उघडं). साय म्हणजे बिघाड नव्हे. हवा लागते आहे एवढाच तिचा निरोप.

ख: पीएच ३.४, १.००७. पहिल्या वासालाच व्हिनेगरची सुई.

२९ मे : ख ची तपासणी

बूच काढलं. पातळी काठाखाली सात सेंटिमीटर. क आणि ग मध्ये तीन. सायीला मधोमध चीर. आडव्या पिंपात पातळी थोडी उतरली तरी हवेला लागणारा पृष्ठभाग झपाट्याने रुंदावतो, कारण फळ्यांची गोलाई मधोमध सर्वांत रुंद असते. सात सेंटिमीटर खाली म्हणजे एक मोठं उघडं तळं. ॲसिटिक जंतूंना हवा मिळाली की ते अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतात. हवा तोडली की थांबतात. झालेलं मात्र उलटत नाही.

सांध्याचं मेण खरवडून पाहिलं तर खाली केसाएवढी फट, बाहेरून कोरडी. बिअर तिथे येता येता वाळत होती, म्हणून हाताला ओल लागली नाही. पट्ट्या हातोड्याने मधल्या फुगाऱ्याकडे ठोकून आवळल्या, फट बारीक लाकडी पाचर आणि मेणाने बुजवली. केगमधली ११ लिटर बिअर लांब नळीने पिंपाच्या तळाशी सोडून भर घातली, वरून ओतली नाही. वरून ओतली तर साय फुटते आणि धारेबरोबर हवा जाते. नंतर वर कार्बन डायऑक्साइड सोडून बूच बसवलं.

भर घालावी की घालू नये, यावर मुरवणाऱ्यांत दोन तट आहेत. सायीला अजिबात छेडू नये, लाकडातून पाणी उडतं तेवढं उडू द्यावं, हा एक पक्ष. धडक्या पिंपाला ते बरोबर. गळक्या पिंपाला ते व्हिनेगरचं आमंत्रण आहे.

१६ जुलै

खोली २३ अंशांवर गेली. ख सर्वांत थंड, जमिनीलगतच्या कोपऱ्यात हलवलं. हलवताना साय फुटणारच होती. उष्णतेत बसू देण्यापेक्षा ते बरं. नमुना नाही.

३ सप्टेंबर

ग ची तार गेली. धार पाण्यासारखी सुटी, लोणी नाही. पीएच ३.४५, १.०१०. त्या जागी आता ब्रेट पूर्ण बोलतो आहे: सुकं गवत, जुनं चामडं, लवंगेची एक चाहूल. लवंग आणि धुराकडे झुकणारा वास ४-इथाइलग्वायाकॉलचा, औषधी पट्टी किंवा तबेल्याकडे झुकणारा ४-इथाइलफिनॉलचा. इथे पहिला वरचढ आहे, हे आपलं नशीब. आंबटपणा तिघांत सर्वांत मऊ.

क: पीएच ३.४, १.००७. एकसुरी झाली आहे. चेरी, दही, पुन्हा चेरी. दोष एकही नाही आणि लक्षात राहावं असंही काही नाही.

ख: पीएच ३.३, १.००५. वासात व्हिनेगर आणि त्याच्या मागे नेलपॉलिश रिमूव्हर. तोंडात मात्र वाटली त्याहून बरी. मध्यभागी मनुका आणि काळी चेरी, तिन्हींत सर्वांत भरीव. ॲसिटिकची लागण मेपासून फारशी पुढे सरकलेली नाही, म्हणजे दुरुस्ती टिकली.

२६ नोव्हेंबर : वर्षाची मोजणी

पीएचच्या आकड्यांवरून तिन्ही जवळजवळ सारखी दिसतात: क ३.४, ख ३.३, ग ३.४. जिभेला तसं वाटत नाही. पीएच फक्त मोकळे हायड्रोजन आयन मोजतो. जिभेवर किती आम्ल पडलं ते एकूण आम्लतेवरून कळतं, आणि ती टायट्रेशननेच मिळते.

कृती: नमुना ढवळून आणि कोमट करून वायू पूर्ण काढावा. नाहीतर विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही आम्ल म्हणून मोजला जातो आणि आकडा फुगतो. १० मिलि नमुना, त्यात ५० मिलि ऊर्ध्वपातित पाणी. ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने, पीएच ८.२ येईपर्यंत. गडद बिअरमध्ये फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग दिसत नाही, त्यामुळे मीटरच वापरावा. लागलेले मिलि गुणिले ०.९ म्हणजे लॅक्टिक आम्लाच्या हिशेबाने ग्रॅम प्रति लिटर.

क ला ७.० मिलि लागले, म्हणजे ६.३. ख ला ११.०, म्हणजे ९.९. ग ला ५.०, म्हणजे ४.५.

पीएचमध्ये ०.१ चा फरक, आम्लतेत दुपटीहून जास्त. ख आणि ग शेजारी ठेवून चाखले तर कोणालाही हे पटेल. या मोजणीची एक मर्यादा आहे. लॅक्टिक आणि ॲसिटिक तिला एकच दिसतात. वेगळं करायचं तर वाफेने उडणारं आम्ल काढून मोजावं लागतं. नाकाने मात्र फरक लगेच कळतो, कारण लॅक्टिकला वासच नसतो. पेल्यातून जे नाकाला टोचतं ते ॲसिटिक.

ग्रॅव्हिटी: क १.००६, ख १.००५, ग १.००९. अल्कोहोल ६ टक्क्यांच्या आसपास.

१८ फेब्रुवारी २०२४ : मिश्रणाची चाचणी

पंधरा महिने. आकडे नोव्हेंबरचेच, म्हणजे तिन्ही थांबली आहेत. आता कोणतंही एक पिंप एकट्याने बाटलीत जाण्याजोगं नाही. क कंटाळवाणी, ख उग्र, ग मवाळ. पण हेच तर मिश्रणाचं कच्चं सामान. बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये रूसेलारे इथे रोडेनबाखची ब्रूअरी १८२१ पासून आहे. तिच्या ग्रँड क्रू या बिअरमध्येही ओकच्या मोठ्या पिंपांतली दोन वर्षं मुरलेली बिअर साधारण दोन तृतीयांश असते, बाकीची ताजी. तोल एका पिंपात सापडत नाही, जुळवावा लागतो.

१०० मिलिचं मोजपात्र, सगळे नमुने १२ अंशांवर, पेल्यांवर तीन आकडी खुणा. एकूण आम्लतेची सरासरी वजनाप्रमाणे सरळ काढता येते. पीएचची तशी काढू नये, तो लॉगरिदमी आहे.

क ७०, ख ०, ग ३०. आम्लता ५.८. स्वच्छ, मऊ, गवत आणि चेरी. घोट गिळल्यावर काही उरत नाही. व्हिनेगर पूर्ण टाळलं की अशी बिअर सपाट होते.

क ६५, ख ५, ग ३०. ५.९. मध्यभागी मनुका आली. वासाला अजून धार नाही.

क ६०, ख १०, ग ३०. ६.१. इथे सगळं जुळलं. व्हिनेगर व्हिनेगर म्हणून कळत नाही, चेरी जास्त उठून दिसते, आणि शेवटी तोंडाला पाणी सुटतं. लोणच्यात आंबटाला जशी मिठाची साथ लागते, तसं थोडं ॲसिटिक इथे फळाला उचलून धरतं.

क ५०, ख २०, ग ३०. ६.५. तोंडात अजून चांगली, पण नाकाला पहिल्या क्षणी रिमूव्हर. नाक एकदा बिथरलं की जीभ काहीही म्हणो, ऐकत नाही.

५ आणि १० टक्क्यांतला फरक खरा की मनाचा, हे बघायला तीन पेल्यांची चाचणी लावली: दोन सारखे, एक वेगळा, वेगळा शोधायचा. सहापैकी पाच जणांनी बरोबर ओळखला. निव्वळ नशिबाने असं होण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी. फरक खरा आहे. ६०:१०:३० ठरलं.

२५ फेब्रुवारी : मिश्रण

१८० लिटर: क मधून १०८, ख मधून १८, ग मधून ५४. कार्बन डायऑक्साइडने धुतलेल्या स्टीलच्या टाकीत, तळातून. मिश्रणाची ग्रॅव्हिटी १.००७.

लगेच बाटल्या भरल्या तर घोटाळा होतो. ग मध्ये अजून उरलेल्या शर्करा आहेत, आणि क मधला ब्रेट त्या खाऊ शकतो. वेगवेगळ्या पिंपांत दोघंही थांबले होते, एकत्र आल्यावर पुन्हा सुरू होतात. ग्रॅव्हिटी ०.००२ घसरली की बाटलीत साधारण एक आयतन (बिअरच्या घनफळाएवढा) कार्बन डायऑक्साइड वाढतो. तो साखरेच्या हिशेबावर चढला की बुचं उडतात, कधी काच फुटते. टाकी १८ अंशांवर, एअरलॉक लावून.

क मध्ये उरलेल्या बिअरवर ग मधली ओतून क काठोकाठ केलं. ते पुढच्या खेपेचं जुनं पिंप. ख मधली उरलेली बिअर उघड्या तोंडाच्या भांड्यात, व्हिनेगर होऊ द्यायला. ख पुन्हा बिअरसाठी वापरायचं नाही.

७ एप्रिल : बाटल्या

२४ मार्च आणि आज, दोन्ही वाचनं १.००५. थांबली.

लक्ष्य २.८ आयतन. टाकीत पुन्हा आंबल्यामुळे बिअरमध्ये आधीच सुमारे ०.८ विरघळलेलं धरलं. थेट पिंपातून भरली असती तर याहून कमी धरावं लागलं असतं. कमी पडणाऱ्या २.० आयतनांसाठी आयतनामागे ४ ग्रॅम साखर, म्हणजे लिटरला ८ ग्रॅम, एकूण १४४० ग्रॅम, दोन लिटर पाण्यात उकळून गार केलेली.

जुनं एल यीस्ट पंधरा महिन्यांत बहुतेक मेलेलं असतं. ३६ ग्रॅम शँपेन यीस्ट कोमट पाण्यात भिजवलं आणि मग तासाभरात तीन टप्प्यांत थोडी थोडी बिअर त्यात मिसळत गेलो. भिजवलेलं यीस्ट एकदम ३.४ पीएचच्या बिअरमध्ये टाकलं तर बरंचसं तिथेच गारद होतं.

जाड काचेच्या ७५० मिलिच्या बाटल्या, २३२ भरल्या. बाटल्या आडव्या, २० अंशांवर.

२८ एप्रिल : तीन आठवडे

वायू भरतो आहे. वास सुरेख. घोट गिळल्यावर वीस सेकंदांनी मात्र ओल्या धान्याचा, उंदराच्या पिंजऱ्याचा वास घशातून वर येतो आणि जात नाही.

हे टेट्राहायड्रोपिरिडिन. बाटल्या भरताना हवा लागली की ब्रेट आणि लॅक्टिक जंतू ते बनवतात. आम्लात ते उडत नाही म्हणून पेल्यात हुंगून सापडत नाही. लाळेने पीएच वर गेला की मोकळं होतं, म्हणून उशिरा कळतं. खात्री करायची तर पेल्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून हुंगावं, लगेच कळतं. काही माणसांना ते अजिबात जाणवत नाही. म्हणून चाखणाऱ्यांत ते जाणवणारा एक तरी असावाच.

उपाय फक्त वेळ. बाटल्या थंड करायच्या नाहीत, ब्रेट जागा राहिला पाहिजे.

३० जून

धान्याचा वास निम्म्यावर. दोन बाटल्यांपैकी एकीत जवळजवळ नाही. वायू बरोबर, उसळी नाही. आणखी दोन-तीन महिने.

२२ सप्टेंबर : बाटलीतली चव

तीन बाटल्या, वेगवेगळ्या खोक्यांतून. बारा तास उभ्या ठेवल्या, गाळ खाली बसला. ८ अंशांवर उघडल्या आणि १४ अंशांपर्यंत चाखत गेलो. ही बिअर एका तापमानाला वाचून संपत नाही.

रंग तांबूस तपकिरी, उजेडाकडे धरल्यावर कडेला माणकासारखा लाल. फेस मळकट पांढरा, दोन बोटं, दीड मिनिटात विरतो. आम्ल आणि प्रथिनांची झीज यांमुळे आंबट बिअरला फेस टिकत नाही, हा दोष धरू नये.

८ अंशांवर वास आंबट चेरी आणि ओल्या लाकडाचा. व्हिनेगर शोधलं तरच सापडतं. १२ वर गवत आणि चामडं वर येतात, मागे लवंग. १४ वर मनुका, गडद कॅरॅमल आणि पहिल्यांदाच व्हॅनिलाची पुसट छटा, जी पिंपात एकदाही जाणवली नव्हती. पेला रिकामा झाल्यावर तळाशी उरलेला वास बघावा. तिथे ओक सर्वांत स्पष्ट आहे.

तोंडात आधी चेरीचा भास देणारी गोडी, जी खरी गोडी नाही, मग लगेच आंबटपणा कडांनी आत येतो. मध्यभागी माल्ट आणि मनुका. टाळूला हलकी तुरट पकड, चहाइतकीसुद्धा नाही. शेवट लांब, सुमारे चाळीस सेकंद, तोंडाला पाणी सुटत राहतं. अंग हलकं, पण पाणचट नाही. ग्रॅव्हिटी १.००५ असताना हा भरीवपणा ग कडून आला असावा.

सोड्याची चाचणी: तीनपैकी दोन बाटल्या स्वच्छ. तिसरीत अगदी शेवटी पुसट धान्य. ती बाटली भरण्याच्या क्रमात शेवटच्या दहांपैकी होती, टाकी रिकामी होत आली की नळीत हवा ओढली जाते तिथली. पुढच्या खेपेला शेवटच्या वीस बाटल्या वेगळ्या खुणेच्या ठेवायच्या आणि आधी त्याच प्यायच्या नाहीत.

दोष म्हणून लिहायचा तर एकच: मधल्या भागात जरा जास्त सरळ. ख १२ टक्के घेतलं असतं तर बरं झालं असतं, पण १५ नक्कीच नाही. क मधल्या जुन्या बिअरचा पुढचा नमुना २४ नोव्हेंबरला, १०० मिलि, खिळ्यातूनच.